दोन बोटं जास्त

"बाबा, आपल्याकडे नक्की किती पैसे आहेत?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, पण ठरवला लांबडी, चश्मिष आणि बडबडी या माझ्या तिघी मैत्रिणींनी, मधल्या सुट्टीत, डबे उघडे ठेवून. घरात आजवर कोणी विचारला नाही असा एक प्रश्न प्रत्येकीनं विचारायचा. चश्मिषच्या वाट्याला 'आई, तू मावशीशी का बोलत नाहीस?' आला आणि माझ्या वाट्याला हा.

"हिच्याच्यानं नाही व्हायचं," लांबडी म्हणाली. "ही बाहेर भोंगा आणि घरात मांजर."

भोंगा हे माझं या वर्षीचं नाव. गेल्या वर्षीपर्यंत मला नावच नव्हतं. बाई हजेरीपत्रकात बघितल्याशिवाय मला हाक मारू शकायच्या नाहीत. मग वर्गातल्या वादविवादात एक मुलगी आजारी पडली, तिच्या जागी मला उभं केलं, आणि माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं त्याला टाळ्या पडल्या. झालं! तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही. तर अशा मुलीला मांजर म्हटल्यावर ती गप्प बसेल का?

आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. बाबा शिंपी आहेत, कोट-पँटवाले. मी विचारलं तेव्हा ते कापायच्या टेबलावर वाकलेले होते, कानामागे खडू, ओठांत तीन टाचण्या. त्यांनी एकेक टाचणी काढून कापडात खोचली.

"कोणी विचारायला सांगितलं?"

"मैत्रिणींनी."

"मग मैत्रिणींना सांग, त्यांच्या लग्नाचे कपडे फुकट शिवण्याइतके नाहीत."

"बाबा, खरंच सांगा ना. ताईचा हिशोब करायचाय. कोणीतरी नीट मांडायला नको का?"

हे मला त्याच क्षणी सुचलं, पण ते खरंच होतं. चारच दिवसांपूर्वी ताईची निवड झाली होती. ताई विद्यापीठात शेवटच्या वर्षाला, विषय दगड. (भूगर्भशास्त्र म्हण, असं ती दर वेळी सुनावते.) तिच्या सरांनी सगळ्या वर्गातून एकीला निवडलं, एका सेमिस्टरसाठी परदेशातल्या विद्यापीठात पाठवायला. तिथल्या प्रयोगशाळेत दगड कागदाहून पातळ कापतात आणि त्यातून उजेड सोडून बघतात. ताई हे सांगत होती तेव्हा तिचे हात हवेत दगड कापत होते. बाबांनी शांतपणे विचारलं होतं, "आणि शिवणीला मार्जिन किती सोडतात?" आम्ही हसून हसून लोळलो होतो.

फी इथलीच लागणार होती. बाकी सगळं, तिकीट, व्हिसा, खोलीचं भाडं, खाणंपिणं, विमा, आपलं आपण. आणि हो की नाही ते दोन आठवड्यांत कळवायचं.

बाबांनी छताकडे बघितलं. "साडेचार लाख धर," ते म्हणाले.

'आहेत' नाही म्हणाले, 'धर' म्हणाले. पण मी कसली आनंदात होते! घरातला सगळ्यात मोठा आकडा मला, शेंडेफळाला, सांगितला होता. तो मी शाळेत काही सांगितला नाही. "विचारलं आणि उत्तर मिळालं, बास," एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून घरची अर्थमंत्री मीच.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट हातोहात पुढे जाते. बायकांची मापं ताई घेते आणि मापांच्या वहीत लिहिते. बाबा कापतात. आई शिवते. काजं, बटणं आणि इस्त्री माझी. यात एक नियम पक्का आहे: मार्जिन फक्त बाबा सोडणार. उद्या गिऱ्हाईक जाडं झालं तर उसवून वाढवायला शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ना, ते. ताईनं नेमकं माप लिहायचं, आईनं खडूच्या रेघेवर शिवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. एकदा आईनं चालवलं होतं तर एका नवरदेवाची पँट अक्षतांच्या आधी घसरली— नाही, ती गोष्ट परत कधीतरी, आईनं बंदी घातली आहे.

ताईचा हिशोबही तसाच हातोहात आला. ताईनं विद्यापीठाच्या कागदावरून आकडे आपल्या वहीत काढले आणि बाबांना वाचून दाखवले. बाबांनी ते मापांच्या वहीत मागच्या पानावर उतरवले. आईनं त्यावरून कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात यादी केली. तिचे स्वतःचे साठलेले एक लाख वीस हजारही तिनं खाली लिहिले. मी ते सगळं कॉम्प्युटरवर घातलं. काय सुंदर तक्ता केला होता मी! रकाने, बेरजा, चलनाचा भाव बदलला की आपोआप बदलणारे आकडे. आणि सगळ्यात खाली, वरच्या बेरजेवर पंधरा टक्के, 'आकस्मिक खर्च'. हा शब्द मी एका व्हिडिओत ऐकला होता. बडबडीला तक्ता दाखवला तर ती म्हणाली, "अगं, तू बँकेत लाग."

गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून मी सगळ्यांना बोलावलं. लागणार नऊ लाख वीस हजार. आहेत पाच लाख सत्तर हजार. तुटीचा चौकोन मी लाल केला होता. साडेतीन लाख.

तिघंही पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, तक्ता बघून थक्क झालेत.

"कर्ज काढू," बाबा म्हणाले.

"कशावर? मशीनवर?" ताई म्हणाली. "आणि हिचं सगळं शिक्षण बाकी आहे." तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. मग लाल चौकोनाकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "जाऊ दे गं. दगड काय, इथेही आहेत."

शुक्रवारी तिनं सरांना नकार कळवला. पत्र तिनंच लिहिलं, तिनंच पाठवलं, आणि वर मला म्हणाली, "तक्ता मात्र झकास होता हं."

त्यानंतरच्या गोष्टी लहान लहान आहेत. खिडकीत ओळीनं मांडलेले तिचे दगड एके दिवशी बुटांच्या खोक्यात गेले. विद्यापीठातून ती बसऐवजी चालत यायला लागली, म्हणाली, व्यायाम. मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय. संध्याकाळी आणि रविवारी ती एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. पहिल्या आठवड्याचे पैसे तिनं आईच्या हातात ठेवले.

"हे कशाला गं?" आई म्हणाली.

"असू दे. मला कुठे माहीत होतं, आपलं एवढ्यावरच चाललंय. मी आपली वेड्यासारखी परदेश परदेश करत बसले."

आईनं पैसे घेतले. काय करणार? ताईनं तिची मूठ मिटूनच दिली होती.

आता कोटाचं सांगते. निवड झाली त्या रात्री बाबांनी कोणाला न विचारता ठेवणीतलं जाड, गडद निळं कापड काढलं होतं. ताईनं स्वतःची मापं वहीत लिहून दिली आणि कोट कापूनही झाला. नकार गेल्यावर ते तुकडे तसेच घडी घालून पडले होते. "कापलेलं कापड टाकून कसं देणार," म्हणत आईनं शेवटी ते शिवलं. काल रविवारी, ताई कामाला निघता निघता, आईनं तिच्या अंगात तो चढवला.

खांदे दंडावर आले. बाह्यांतून बोटं दिसेनात. आरशात ताई नव्हतीच, नुसता एक कोट उभा होता आणि त्याच्यावर डोकं.

"यात मी आणि माझं सामान, दोघं गेलो असतो!" ताई म्हणाली आणि हसली. खरंखुरं, पोट धरून. किती दिवसांनी! आम्ही सगळेच हसत सुटलो.

"माप कोणी घेतलं हे?" बाबांनी डोळे पुसत विचारलं.

"मीच. पण एकेक इंच वाढवून लिहिलं, आत स्वेटर येईल म्हणून."

"अगं, मी तेच धरून नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त सोडली!"

"आणि मी शिवण रेघेच्या बाहेरून घेतली," आई म्हणाली. "म्हटलं, हे नेमकं कापतात, पोरीला थंडीत आवळायला नको."

"म्हणजे दुकानाचा नियम गेला खड्ड्यात," ताई म्हणाली, कोट काढून खुंटीला लावला आणि हसतच बाहेर पडली.

मी पण हसत होते. आणि मग मला आठवलं, ताईचा हिशोबही असाच हातोहात आला होता.

मी आतून ताईची वही आणली. मापांची वही आणली. आईचा कागद, विद्यापीठाचा कागद, सगळं कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडलं. विद्यापीठाच्या कागदावरचे आकडे आपल्या पैशांत केले तर बेरीज बरोबर सहा लाख होत होती. ताईच्या वहीत सहा लाख साठ हजार. मापांच्या वहीत साडेसात. आईच्या कागदावर आठ. माझ्या तक्त्यात नऊ लाख वीस हजार.

"बाबा, ताईनं सहा साठ सांगितले. तुम्ही साडेसात का लिहिलेत?"

"परका मुलूख, बाळा. नेमकं धरून चालतं का?"

"आई, तू?"

"भाव वाढतात ना गं. थोडंसंच वाढवलं."

मला आता पुढचं विचारायचं नव्हतं. या वेळी कोणी पैजही लावली नव्हती.

"बाबा, आपल्याकडे नक्की किती पैसे आहेत? धर म्हणू नका."

बाबा कात्री उघडून मिटत राहिले. "पाच," ते म्हणाले. "पन्नास हजार मी बाजूला ठेवले होते. तिकडे गेल्यावर काही अडलं तर पाठवायला."

"एक लाख ऐंशी," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "साठ मीही ठेवले होते. तिच्याचसाठी."

पाच आणि एक ऐंशी. ही बेरीज करायला तक्ता लागत नाही. सहा लाखांचं काम होतं आणि सहा लाख ऐंशी हजार घरात होते. आणि माझे ते पंधरा टक्के! एक लाख वीस हजार, एका ऐकीव शब्दापायी.

"सरांना फोन करूया का?" मी म्हटलं. माझा आवाज भोंग्याचा नव्हता.

"ती जागा गेली," बाबा म्हणाले. "दुसऱ्या मुलीचं तिकीटसुद्धा निघालं. परवाच सांगत होती ताई."

आणि ताईचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती विद्यापीठातच नसणार. बाबा स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत दुपारच्या वेळी मी त्यांना हात मोकळे सोडून बसलेलं पाहिलं नव्हतं. आईनं कोट खुंटीवरून काढला, उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

मग तीच बोलली. "तिला कळता कामा नये."

"आई—"

"ऐक माझं. सावरतेय ती. आज हसली, बघितलंस ना?"

"पैसे नव्हते, हे माणूस गिळतं," बाबा म्हणाले. "पैसे होते आणि आपणच... हे तिनं कसं गिळायचं? तू तो तक्ता पुसून टाक. विषय संपला."

मी पुसून टाकणार होते. खरंच. बोट त्या बटणावर होतं. माझीच चूक पुसली जाणार होती, मला तर बरंच होतं. आणि ताई परत आली की आपण कोटावर परत एकदा हसू, असंही मनात आलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. ताई नव्हती, एक गिऱ्हाईक होतं. बाबा उठले, पँट दिली, पैसे घेतले आणि गल्ल्यात टाकले. त्या गल्ल्यात ताईचे झेरॉक्सचे पैसे होते. आईनं वेगळ्या पाकिटात घालून ठेवलेले, न मोडलेले. बाबांनी ते पाकीट बघितलं आणि गल्ला हळूच लोटला.

मला ताई दिसली, यंत्राशेजारी उभी, लोकांच्या मार्कशीटच्या प्रती काढणारी. घरी येताना बसचे पैसे वाचवणारी. आपण या घराच्या ऐपतीबाहेरचं मागितलं म्हणून लाजणारी. जन्मभर लाजेल ती. आणि पुन्हा कधी काही मागणार नाही.

मी कॉम्प्युटर मिटला. तक्ता पुसला नाही.

"आई, बाबा, मी ताईला सांगणार आहे," मी म्हटलं. "आजच. ती आली की चारही कागद तिच्यापुढे ठेवणार, पंधरा टक्क्यांपासून सुरुवात करणार, कारण ते माझे आहेत. ती रडेल. माझ्याशी बोलणारही नाही बहुतेक. पण पैसे नव्हते म्हणून ती थांबली असं तिला वाटत राहिलेलं मला चालणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी सांगणार."