उणे ऐंशी अंशांची राखण

मी एक जुनी शीतपेटी आहे, मित्रांनो. तुम्ही घरी दूध आणि भाज्या ठेवता तसली नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असायची. उघड्या हाताने आतलं काही धरलं असतं, तर कातडी चिकटून बसली असती. आता मी रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात उभी आहे. माझी वीज काढली आहे आणि माझ्यात जुन्या फायली आणि एक मोडका पंखा कोंबला आहे. पण एके काळी अकरा हजार माणसांचं रक्त माझ्या भरवशावर होतं.

मी नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! माझी किल्ली जिच्या गळ्यात असायची, तिला सगळे किल्लीताईच म्हणत. दर सोमवारी ती लाकडी पट्टीने माझ्या दाराच्या रबरावरचा बर्फ खरवडायची. कोणती नळी कुठल्या खणात आहे हे आधी कागदावर पाहून ठेवायची, म्हणजे अर्ध्या मिनिटात दार बंद.

हे रक्त कशाला, असं विचाराल. एक ताप गावभर येऊन गेला होता. बरी झालेली काही माणसं सांगत, वास येत नाही, गोष्टी लक्षात राहत नाहीत. त्यांच्या मेंदूची चित्रं काढली, तर काहींचे काही भाग किंचित बारीक दिसले. पण ते तापाने झाले, की मुळातच तसे होते? आमच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या की ह्याचा माग रक्तातून काढता येईल. त्या तापाचा विषाणू कुणाला चटकन धरेल, हे थोडंफार आईबापांकडून येतं, जन्माआधीच ठरतं, तापाच्या कितीतरी आधी, आणि रक्त तपासून ते कळतं. म्हणून ज्यांना तो सहज धरतो अशी माणसं आणि ज्यांना सहसा धरत नाही अशी माणसं, हजारोंनी, शेजारीशेजारी ठेवायची आणि त्यांच्या मेंदूची चित्रं ताडून पाहायची. सहज धरणाऱ्यांचेच ते भाग जास्त बारीक निघाले, तर दोष तापाचा असण्याची शक्यता मोठी.

रक्त देणाऱ्यांत एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. माझ्यासमोरच्या बाकावर बसून त्यांनी किल्लीताईला सगळं सांगितलं होतं. पूर्वी साठ गिऱ्हाइकांची मापं त्यांच्या डोक्यात असत. तापानंतर एका बाहीची लांबी दोनदा मोजावी लागे. यजमान हसून म्हणत, तू पहिल्यापासूनच वेंधळी. सासूबाईही तेच म्हणत. मावशींना औषध नको होतं. आपण मुळात अशा नव्हतो, एवढंच कुणीतरी सांगावं, असं त्यांना वाटे.

आता माझं दुखणं सांगते. माझी थंडी उतरू लागली की मी ओरडायचे. वय झालं तशी मी जरा जास्तच ओरडू लागले. दार क्षणभर उघडलं तरी माझा सूर लागायचा. शेजारच्या खोलीत आकडेमोड करणारे वैतागले. शेवटी किल्लीताईने माझ्या भोंग्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली, एकीवर एक अशा तीन. "म्हातारीला कुरकुरायची सवयच आहे," असं ती म्हणाली. किल्लीताईच ती! मला फार लागलं.

एका सकाळी नळीवरून सुटलेली कागदाची चिठ्ठी माझ्या रबरात अडकली. दार लागल्यासारखं दिसलं, पण लागलं नव्हतं. मी ओरडत होते. पट्ट्यांखालून डास गुणगुणावा तेवढाच आवाज येत होता. रक्त एकदा वितळून नासलं असतं, तर ते पुन्हा कुणाकडे मागणार?

त्या दिवशी मावशी मेंदूच्या दुसऱ्या चित्रासाठी आल्या होत्या. नंबर यायचा होता. बाकावर बसून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठल्या आणि दाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताई," त्यांनी हाक मारली, "इथे खालच्या कोपऱ्यात चुणी पडलीय बघ. दार नीट बसलेलं नाही. आणि ही मघापासून रडतेय."

किल्लीताई धावत आली. आकडा उणे एकावन्नवर आला होता. तिने खणामागून खण शेजारच्या दुसऱ्या शीतपेटीत हलवले. सगळं बचावलं. मग मान खाली घालून तिने तिन्ही पट्ट्या नखाने सोलून काढल्या.

दोन वर्षांनी निकाल आला तेव्हा मावशी मुद्दाम विचारायला आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाकावर शेजारी बसवलं. हजारो माणसांचं पाहून मेंदूतल्या फरकाचा थोडा वाटा त्या तापाचा वाटतो, असं त्या म्हणाल्या. पण एकट्या माणसाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही.

मावशी हातातली टेप गुंडाळत राहिल्या. "म्हणजे मी पहिल्यापासून वेंधळी नव्हते?"

"तसं मी छातीठोक सांगू शकत नाही, मावशी. पण तुम्ही होतात, असंही आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही."

"तेवढं पुरे आहे. घरी जाऊन सांगते," असं म्हणून त्या उठल्या. जाताना माझ्या दाराचा तो खालचा कोपरा त्यांनी सवयीने चाचपून पाहिला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. यंत्र कुरकुरलं, तर आधी त्याचं दार पाहा. आणि घरातलं माणूस म्हणालं, मी आता पूर्वीसारखी नाही, तर हसू नका. थोडा वेळ शेजारी बसा आणि त्याचं ऐका.