फेसाला गुलाबाचा वास

गल्लीतली माणसं तिला बाटलीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वादळ येणार म्हटलं की लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि ही बाई रिकाम्या बाटल्या घेऊन बाहेर पडायची. हल्ली वादळांना वेळ ना काळ. आली की नाल्यात साठलेली सगळी घाण एका दमात तळ्यात लोटून देत, आणि दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगत.

हा नाला फक्त पावसाच्या पाण्यासाठी बांधलेला. त्यात साबण कुठून येतो, हे तिला पालिकेच्या प्रयोगशाळेसाठी शोधायचं होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या वरच्या अंगाला पाणी ठीक, खालच्या अंगाला आलं की साबणच साबण. संशय घ्यायला आणखी काय लागतं? आजच्या वादळाचे नमुनेही तसेच निघाले की तिचे साहेब लाँड्रीला टाळं लावायची शिफारस करणार होते. लाँड्रीवाले काका रोज हसत विचारत, "काय ताई, सुटलो का मी?" ती नजर चुकवायची. पण पुरावा तो पुरावा.

दुपारी आभाळ दाटून आलं तशी ती बाटल्या न्यायला घरी धावली. दारात सासूबाई बाह्या सरसावून उभ्या. चारच दिवसांपूर्वी राहायला आल्या होत्या.

"बघ, कशा आरशासारख्या केल्यात!"

गॅलरीतल्या झाडून सगळ्या बाटल्या लखलखत होत्या.

"आई! साबणाने धुतल्या?"

"मग काय नुसत्या फुंकर मारून ठेवू? माझी गुलाबाच्या वासाची पावडर, अर्धं पाकीट संपलं. एवढी शिकलेली तू, आणि बाटल्यांवर ही धूळ!"

तिने कपाळाला हात लावला. साबण शोधायच्या बाटल्याच साबणाने धुतल्या, तर उद्या त्यांत आभाळातलं पाणी धरलं तरी साबण निघेल! हे सांगताना तिचा आवाज चढला. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला, आणि तो बघून तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात लाँड्रीवाले काका धापा टाकत जिना चढून आले.

"ताई, आधी खाली चला! नाल्याच्या तोंडाशी फेस आलाय. आणि माझं मशीन सकाळपासून बंद आहे, मोटर जळलीये. मेकॅनिकला साक्षीला बसवून आलोय!"

ती धावली. मागोमाग सासूबाईही आल्या, घरी एकट्या बसून काय करणार? पावसाचा अजून थेंब नव्हता, पण नाल्याच्या तोंडाशी पांढराशुभ्र फेस फुगला होता. तिने वाकून वास घेतला आणि तशीच वाकून राहिली.

"अगंबाई," सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "ही तर माझी पावडर!"

तिच्या पिशवीत पाण्याचा माग काढायचा हिरवा रंग होता. तिने त्यातला अर्धा सासूबाईंच्या हाती दिला. "आई, घरी जा, हा बाटल्या धुतल्यात त्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओता आणि नळ पूर्ण सोडा." मग ती आणि काका नाल्याकडे डोळे लावून उभे राहिले. काकांचे ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असावेत. थोड्या वेळाने फेसाखालून पाण्याची धार आली. हिरवीगार.

लाँड्रीच्या खालच्या अंगाला पहिलीच इमारत तिची. बांधताना कुणा प्लंबरने सिंकचा पाइप सांडपाण्याच्या गटाराऐवजी जवळचा म्हणून या नाल्याला जोडून दिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग हसू फुटलं.

उरलेला रंग तिने लाँड्रीच्या मोरीत ओतून पाहिला; तो नाल्यात न येता गटारातच गेला. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. "सर, लाँड्रीचं नाव काढा. चोर सापडला. मीच."

टपोरे थेंब पडू लागले तसे तिघंही लाँड्रीच्या छपराखाली शिरले. काका डोळे पुसत होते, पावसाचं निमित्त बरं होतं.

"आता पाइप नीट होईपर्यंत भांडी घासायची कुठे?" सासूबाईंना खरीच काळजी पडली.

"इथे आणा की, आजी," काका म्हणाले. "माझं पाणी बरोबर जागी जातं. बाटलीबाईंनी स्वतः तपासलंय."