पिंजऱ्यातला पत्रा

"सरडी म्हणजे पोपट नव्हे, फांजा. नवख्या माणसानं या भानगडीत पडू नये. ती वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. सारखा हात लावलास तर झुरते." लीवानं, माझ्या मावसभावानं, बजावलं होतं. तो सरडे वाढवतो. पण मी कुणाचं ऐकेन तर शपथ! फिकट नारिंगी रंगाची ती सरडी मी आणलीच.

बरं चाललं होतं. मग माझा नवरा तुवू तापानं आडवा झाला. त्याची आई, आमच्या नेनी, गावाहून आल्या आणि नेमकी तेव्हाच सरडी पिंजऱ्यातली माती उकरायला लागली.

"घरात आजारी माणूस, आणि हे जनावर थडगं खणतंय?" नेनींचं तोंड पांढरं पडलं. आमच्याकडे सरड्याला लोक एरवीही वचकून असतात. मी कामावर गेले तेव्हा त्यांनी सगळी माती फेकली आणि तळाला पत्रा घातला.

घरी आले तर पत्र्यावर नखं कराकरा वाजत होती. लीवाला फोन लावला.

"अगं बाई, अंडी आलीत तिला. नर नसला तरी येतात. खोल ओली माती दे, नाहीतर मरेल."

बादलीभर माती घेऊन धावत जिना चढले. नेनी दारात उभ्या.

"माझं पोर तापानं फणफणलंय, आणि तुला सरडीचं कौतुक?"

"हात जोडते नेनी. तिला फक्त अंडी घालायची आहेत."

"आणि तुवूला काही झालं, तर तुझा लीवा त्याला परत आणून देणारे का मला?"

तुवूचं अंग तव्यासारखं तापलेलं. रात्रभर त्या हलेनात, मीही हलेना. आतून कराकरा ऐकू येत होतं आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता.

सकाळी ताप उतरला. नेनी दारातून बाजूला झाल्या. सरडीला मातीवर ठेवलं, तिनं एकदा पाय हलवला आणि संपली.

"बघ, स्वतःसाठीच खणत होती," भाताची पेज ढवळत नेनी म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. त्यांचा हात ओढून मी सरडीच्या पोटावर दाबला. गावातली निम्मी पोरं त्याच हातांवर जन्मली होती. कातडीखाली अंडी दाटून बसली होती. नेनींची बोटं सवयीनं चाचपत राहिली.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर अडली होती."