माझ्या आधीची कडी

दादानं साखळी तयार केली तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. शहरात गोळीबार सुरू झाला तर कंपनीतल्या आपल्या माणसांनी काय करायचं, त्यासाठीची ती साखळी. बातमी आधी दादाला कळणार, तो मला फोन करणार, मी फार्मासिस्टला, ती पुढच्याला; मग कंपनीची बस सगळ्यांना घेऊन सीमेपार जाणार. कोणी उचलला नाही तर त्याला वगळून पुढे. आणि आपल्या आधीच्या कडीचा फोन आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. अफवा ऐकून धावत सुटलेली माणसंच गोळ्यांच्या मधे सापडतात, असं तो बजावायचा. दर शनिवारी तालीम असायची. दुसऱ्या रिंगच्या आत उचलला नाही की माझी खरडपट्टी ठरलेली.

माझ्या आधीची कडी म्हणजे माझा सख्खा भाऊ. औषधांच्या शीतगृहाचा तो मॅनेजर, मी तिथली यंत्रं सांभाळणारी. परक्या देशातली ही नोकरी मला त्यानंच लावली होती. हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं आईला सांगून.

त्या सकाळी खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. मी गादी उचलून खिडकीला उभी टेकवली, बॅग दाराशी ठेवली आणि दोन भिंतींच्या आड, बाथरूमबाहेरच्या बोळात फोन मांडीवर घेऊन बसले. ओळखपत्र गळ्यात, बूट पायात. घरात बूट घालून बसलेली बघून आईनं घर डोक्यावर घेतलं असतं.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीनं दार वाजवलं. "तुमच्या कंपनीची बस मघाशीच बेकरीसमोरून गेली. तू इथे कशी?"

"आमची नसेल," मी म्हणाले. "मला फोन आलेला नाही."

वर तिलाच घराबाहेर न पडण्याचे चार नियम ऐकवले. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

थोड्या वेळानं फार्मासिस्टचा मेसेज आला. "सीमा ओलांडली. तू फोन का उचलला नाहीस गं? दादा म्हणाले, तीनदा केला."

मी फोनमध्ये शोधलं. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा शोधलं. दादाचा एकही फोन आलेला नव्हता. तरी मन म्हणत होतं, नेटवर्क नसेल. मीच त्याला लावला.

"नेटवर्क नव्हतं गं," तोही म्हणाला.

"मग फार्मासिस्टला कसं मिळालं? दोन गल्ल्या सोडून तर राहते."

तो मॅनेजरच्या आवाजात बोलायला लागला. "हे बघ, मशीनवालं एक माणूस थांबलं तरच बस देतो, असं साहेब म्हणाले. मशीनचं कळतं कोणाला? तुला आणि मला. मला पोरं आहेत."

"मला विचारायचं होतंस."

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणून फोनच केला नाहीस?"

"फोन आल्याशिवाय तू हलणार नाहीस, हे मला माहीत होतं. तेवढा विश्वास आहे माझा तुझ्यावर."

विश्वास म्हणे! मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. विचारलं असतं, तर शिव्या घालत का होईना, त्याच्या पोरांसाठी मी थांबलेही असते. आणि थांबून करणार काय होते? शीतगृहाच्या रस्त्यावर सकाळीच बंदूकवाल्यांनी ट्रक आडवे घातले होते, हे घरमालकीण मघाशी सांगून गेली होती. त्या यंत्रांपर्यंत मी पोचूच शकत नव्हते. त्यानं तेवढीही चौकशी केली नव्हती.

फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. रडून आवाज बसला होता. "अगं, तीनदा फोन केला त्यानं. झोपली होतीस का?"

"आई, त्यानं केलाच नाही. आत्ता माझ्यापाशी कबूल केलंय."

"काहीतरीच काय? तो तुला मागे ठेवून येईल का? तूच उचलला नसशील. लहानपणापासून तुझं लक्ष कुठं असतं कोण जाणे."

मी वाद घातला नाही. एका दिवसात दोघांशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. "जेवून घे," एवढं म्हणून फोन ठेवला, आणि मग मात्र त्या बोळात बसून ढसाढसा रडले.

घरमालकीण पुन्हा आली ती स्वतःची पिशवी घेऊनच. तिचा भाचा टेम्पो घेऊन मागच्या गल्लीत उभा होता. नदीकडचा रस्ता अजून उघडा आहे, त्याच रस्त्यानं तो आत्ता आला, असं ती म्हणाली. ही अफवा की बातमी, हे कळायला मार्ग नव्हता. पण ती स्वतः त्याच टेम्पोत बसणार होती. मी बॅग उचलली.

जिन्यात फोन वाजला. दादा. ज्याची मी सकाळपासून वाट पाहिली, तो फोन. एक रिंग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी पायऱ्या उतरत राहिले. आईचं म्हणणं खरं करून टाकलं एकदाचं. मी उचलला नाही.