पितळेचं चुकलं

"मालक, हात खिशात घाला," करुणा म्हणाली.

पोपटरावांनी हात खिशात घातले. निमोण्यात त्यांना असं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. सोसायटीचे चेअरमन असताना तर त्यांचे हात कुणाच्या खिशात आहेत हेही कुणी विचारलं नव्हतं.

"नुसती मीटरच्या काचेवर टिचकी मारणार व्हतो. काटा अडकला आसंल तर."

"काटा अडकला न्हाई. आत काहीतरी सुटतंय."

शिरूरच्या रस्त्याला लागून पोपटरावांची शेड होती. पूर्वी तिथे दुधाच्या टाक्या बनायच्या. आता एका संशोधन संस्थेसाठी स्टीलचे चेंबर बनत. त्यांतली हवा पंपाने काढून घ्यायची, आणि हवाच नसली की वायू नि धातू कसे वागतात ते शास्त्रज्ञांनी बघायचं. गावाला हा धंदा काही केल्या समजत नव्हता. रिकामा डबा विकायचा, आणि तो जितका जास्त रिकामा तितका महाग. "एवढंच हाय तर आमची ग्रामपंचायत घेऊन जा की," असं पारावर म्हणत.

करुणा निमोण्याचीच. शिरूरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेली. चेंबर बंद करण्याआधी ते आतून धुऊन, सुकवून, कोरं करकरीत ठेवायचं काम तिच्याकडे. बोटाचा एक ठसा आत राहिला तर त्यातलं तेल पोकळीत दिवसेंदिवस वाफ होऊन सुटत राहतं आणि पंप नुसताच घरघरत बसतो. म्हणून धुलाईखोलीच्या दारात तिने पिवळा पट्टा मारून घेतला होता. पट्ट्याच्या आत यायचं तर टोपी आणि हातमोजे घालून, नाहीतर बाहेर. ठसा पाटलाचा असो की बिहारी वेल्डरचा, काटा सारखाच अडतो, हा तिचा लाडका सिद्धांत होता.

पोपटरावांच्या आई सरूबाई एकदा शेड बघायला आल्या, तेव्हा त्यांनाही पट्ट्यावर थांबावं लागलं होतं.

"आमच्या दारात तुझी आज्जी ताईबाई आशीच हुबी ऱ्हायची," सरूबाई म्हणाल्या होत्या.

"ती उन्हात, आजी. तुम्ही पंख्याखाली बसा." आणि करुणाने खुर्ची आणून दिली होती.

तर आत किती हवा उरली ते दाखवणारा काटा खाली न येता अडला होता. शुक्रवारी संस्थेच्या मॅडम तपासणीला येणार होत्या आणि आज मंगळवार होता. पोपटरावांचा मुलगा इंद्रजीत पुण्याहून एम. बी. ए. करून आला होता आणि तेव्हापासून शेडमध्ये सुधारणा शोधत होता. आज त्याला सापडली.

"पप्पा, मी म्हटलं नव्हतं? दसऱ्याला हिनं सुट्टी घेतली, मागं कुणी लक्ष दिलं नाही. टेस्ट फेल गेली तर ऑर्डर जाते. शुक्रवारी काटा खाली नसेल, तर धुलाई पुण्याच्या एजन्सीला देऊन टाकू."

"मी सुट्टी मंजूर करून घेऊन गेले होते," करुणा म्हणाली. दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. जाण्याआधी तिने चेंबर धुऊन फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. ती परतली तोवर फिटर बिरदेवने ते ठरल्याप्रमाणे बंद करून तापवायला लावलं होतं. धातूने धरून ठेवलेला ओलावा निघून जावा म्हणून तसं तापवतातच.

"मंजूर झाली म्हणून जायलाच पाहिजे असं थोडंच असतं?" इंद्रजीत म्हणाला. एम. बी. ए.त हे शिकवतात की घरचं होतं, कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात बिरदेव चेंबरच्या खिडकीशी वाकला. "ताई, ह्या काचंत माझं त्वांड दिसतंय. काल आरपार दिसत व्हतं."

करुणाने पाहिलं. काचेवर आतून करडा, चकचकीत थर बसला होता. आत कोणता वायू आहे ते सांगणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे ती गेली.

"जस्त," ती म्हणाली. "आत पितळ हाय. तापलं की त्यातलं जस्त वाफ होऊन उडतं, आन् गार काच सापडली की तिच्यावर जाऊन बसतं."

"पितळ कुठनं येईल? आपण वापरतच नाही. तुझ्याच खोलीतून काहीतरी राहिलं असणार."

"उघडू या की. हात तुम्हीच घाला सर. मोजे घालून."

चेंबर निवल्यावर इंद्रजीतने खांद्यापर्यंत हात घातला. पंपाच्या नळीच्या तोंडामागून त्याने बोटाएवढा चपटा पत्रा काढला. पत्र्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा होता. मूळचा पिवळा देव आता तांबूस झाला होता. हा टाक कुणाच्या देव्हाऱ्यातला, हे विचारावं लागलं नाही. मागे पोपटरावांच्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं.

पोपटराव शेडच्या पत्र्याकडे बघू लागले. इंद्रजीत देवाकडे बघत होता. मग गाडी जाऊन सरूबाईंना घेऊन आली.

"मीच ठिवला," सरूबाई पंख्याखाली बसत म्हणाल्या. "खंडेनवमीला तुमी पोरांनी समद्या मशिनींची पूजा केली आन् ह्या एवढ्या महागाच्या डब्याला हळद न्हाई, कुक्कू न्हाई. म्हनं डाग पडतो. मग म्हटलं देवच ठिवावा. चिचंनं लख्ख घासला, मोजं घातलं, डोक्याला टोपी घातली. हिचा येक नेम मोडला न्हाई!"

"आई, विचारायचं तरी," पोपटराव म्हणाले.

"कुनाला? ही नागपूरला आन् तू झोपलेला."

करुणाला हसू आवरेना. तिने टोपी डोळ्यांवर ओढली.

"ह्याचा रंग का गं पालटला? देवाचं काय चुकलं का?"

"देवाचं न्हाई, आजी. पितळेचं चुकलं. त्यातलं जस्त हवा झालं."

"मंजी देव उडून गेला?"

"थोडासा. त्या काचेवर बसलाय बघा."

सरूबाईंनी काचेला हात जोडले. बिरदेवनेही जोडले, उगाच धोका नको म्हणून.

पुण्याची एजन्सी आली नाही. इंद्रजीतच आला, टोपी घालून, आणि दोन दिवस करुणा सांगेल तिथे घासत राहिला. एका जागी तिने त्याला तीनदा परत घासायला लावलं. त्याने तीनदा घासलं. काच बदलली, चेंबर पुन्हा तापलं, निवलं, आणि शुक्रवारी मॅडम यायच्या आत काटा सुरसुरत खाली उतरला. पोपटरावांना शिट्टी वाजवावीशी वाटली, पण करुणाने बघितलं.

मॅडमनी सगळं नीट तपासलं. "स्वच्छतेचं काम कोण बघतं?"

पोपटरावांनी हनुवटीने दाखवलं. "धुलाई विभागाच्या प्रमुख," ते म्हणाले. असा विभाग आहे हे शेडला तेव्हाच कळलं. इंद्रजीतने मान डोलावली.

मॅडम गेल्यावर सरूबाई टाक न्यायला आल्या. दुपारचं ऊन उतरलं होतं. करुणाने मोजे घातलेल्या हातांनी कागदाची घडी उलगडली.

"आता ह्यो देव्हाऱ्यात चालंल का गं?"

"ते मला नका विचारू आजी. आमच्या घरी देव न्हाई. पण धातू म्हणाल तर बरा हाय. उडायचं ते उडून गेलं."

सरूबाईंनी तळहात पुढे केला. मग तिच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मोजं काढ की. आता काय त्या डब्यात घालायचा हाय का?"

करुणाने मोजे काढले आणि टाक त्यांच्या तळहातावर ठेवला. ताईबाईने काही हाती दिलं तर त्यावर आधी पाणी शिंपडायची रीत त्या घरात होती. ते दोघींनाही माहीत होतं. सरूबाईंच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. त्यांनी टाक तसाच बटव्यात सुपारीशेजारी ठेवला, बाटलीचं झाकण काढलं आणि ती करुणापुढे धरली.

"पी. सकाळधरनं हुबी हायेस."

करुणा बाटलीला तोंड लावून घटाघटा प्यायली. उरलेलं पाणी सरूबाई प्यायल्या.