माडीवरची माणसं

हॉटेल बहार बंद होणार हे कर्जतच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेवटच्या रविवारी एवढी गर्दी होईल असं शकूरभाईंना वाटलं नव्हतं. कोणीतरी मोबाइलवर टाकलं आणि सकाळपासून पनवेल, बदलापूर, खोपोलीची माणसं दारात येऊन उभी राहिली. माथेरानचे घोडेवाले आले. कशेळ्याहून बाजाराला येणारे आणि इथे खिमा-पाव खाऊनच परत जीपमध्ये चढणारे जुने लोक आले. जो तो शकूरभाईंचा हात हातात घेऊन विचारत होता, "का बंद करताय हो?"

"वय झालं. आता होत नाय," शकूरभाई सांगत होते.

खरं कारण वेगळं होतं. वरच्या माडीच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या. पावसाळ्यानंतर मिस्त्रीने येऊन एका तुळईत सळई खुपसली, तर ती पावात सुरी जावी तशी आत गेली. मिस्त्री म्हणाला होता, "वर माणूस चढवू नका. एक दिवस सगळं खाली येईल." दुरुस्ती म्हणजे सगळी इमारत नव्याने बांधणं, आणि ती ताकद शकूरभाईंत उरली नव्हती. पण वडिलांनी उभं केलेलं हॉटेल आतून कुजलंय, हे गिऱ्हाइकांना सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. त्यांनी जिन्याला आडवी दोरी बांधली आणि फक्त आपल्या मुलीला, आसियाला खरं सांगितलं. आसिया खालापूरच्या शाळेत शिकवायची. शेवटचे दिवस म्हणून ती सुट्टी काढून आली होती. नवनाथ वेटरला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की वर काम निघालंय.

दुपारी ऐन गर्दीत कळंबचे सुनीलराव आणि त्यांची बायको रोहिणी आली. सुनीलराव कर्जत-मुरबाड रस्त्यावर एसटीचे कंडक्टर होते, आता निवृत्त. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठीशिवाय चालत नव्हते. त्यांचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम या हॉटेलच्या माडीवर, खिडकीजवळच्या टेबलावर झाला होता. लग्नानंतर दर वर्षी दोघं तिथेच बसून जेवायची.

"शकूरभाई, शेवटचं एकदा वर बसू द्या," सुनीलराव म्हणाले. "परत कुठं बसणार आम्ही?"

"गुडघ्याला जिना झेपायचा नाय तुमच्या."

"झेपेल. हिला धरून चढेन."

शकूरभाईंनी आजूबाजूला पाहिलं. आसिया बेकरीत पाव आणायला गेली होती. रोहिणी जिन्याकडे बघत होती. दोन माणसांनी काय होतंय, असं शकूरभाईंच्या मनात आलं. त्यांनी दोरी सोडली.

"पटकन खा नि खाली या," ते म्हणाले.

तेवढ्यात गल्ल्यावर चार माणसं बोलवायला लागली आणि ते तिकडे वळले. दोरी परत बांधायची राहून गेली. दारात ताटकळलेल्या लोकांनी म्हातारं जोडपं वर जाताना पाहिलं. वर जागा आहे म्हणून एक कुटुंब चढलं, त्यांच्यामागे दुसरं. शेटने परवानगी दिली असं समजून नवनाथ वर ताटं नेऊ लागला.

आसिया मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा सोमी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. सोमी कशेळ्याच्या वरच्या वाडीची. आसिया लहान असल्यापासून ती या चुलीपुढे होती.

"आसिया, वर कोण नाचतंय गं?" सोमीने विचारलं. "सारखी माती पडतीय. परात झाकून झाकून कटाळले मी."

आसियाने वर पाहिलं. स्वयंपाकघर माडीच्या कोपऱ्याखालीच होतं. भिंत आणि तुळई यांच्यामध्ये फट पडली होती. सकाळी ही फट नव्हती. वर खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी मोठ्याने हसत होतं, आणि प्रत्येक पावलासरशी त्या फटीतून बारीक माती गळत होती.

तिने पावाची पिशवी तिथेच ठेवली.

"चूल विझव आणि बाहेर अंगणात जा."

"तव्यावर भाकरी हाय."

"राहू दे भाकरी. सोमी, मी सांगते ना. जा."

सोमीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चुलीवर पाणी ओतलं आणि पदराला हात पुसत बाहेर पडली.

गल्ल्याजवळ जाऊन आसियाने वडिलांच्या कानाशी तोंड नेलं. "अब्बा, वर माणसं कोणी सोडली?"

शकूरभाईंनी माडीकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला. "दोघंच गेली होती."

"वर सगळी टेबलं भरलीत. तुळई भिंतीतून सुटलीय. मी ओरडून सांगते सगळ्यांना."

शकूरभाईंनी तिचं मनगट धरलं. "ओरडू नकोस. जिना एका माणसाचा आहे. सगळी एकदम धावली तर जिन्यासकट खाली येतील."

"मग काय करायचं?"

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "नवनाथला जिन्यापाशी उभा कर. वर कोणाला सोडायचं नाय. खालच्या लोकांना रस्त्यावर काढ. म्हण, पाटीखाली सगळ्यांचा फोटो काढायचाय."

ते जिना चढू लागले. चढताना कठड्याला धरायची त्यांना भीती वाटली.

वर पाऊल टाकताच फळी पायाखाली दबली. एरवी ती करकरायची, आज तिचा आवाजच आला नाही. माडी गच्च भरली होती. खिडकीच्या कोपऱ्यात पनवेलची तरुण मंडळी उठून उभी राहिली होती आणि इतरांना हाका मारत होती, "या, या, सगळे इकडे या, बाजार मागे घेऊन फोटो काढू." लोक उठून त्याच कोपऱ्याकडे निघाले होते. तिथेच टेबलाशी सुनीलराव आणि रोहिणी बसली होती. त्या कोपऱ्याखालीच तुळई सुटली होती.

शकूरभाईंनी हात वर केला. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना फार जड गेलं.

"फोटो इथं नाय. खाली, पाटीखाली काढायचा. माझ्याबरोबर. मला एकट्याला सोडून काढणार काय?"

लोक हसले. खिडकीकडे निघालेला घोळका थांबला.

"जेवण अर्धं राहिलंय, चाचा," एकजण म्हणाला.

"ताट घेऊन चला. आज रस्त्यावर बसून खायचं. खिडकीकडचे आधी. हळूहळू या, जिना जुना आहे, एकामागं एक."

पनवेलची मुलं ताटं उचलून निघाली. त्यांच्यामागे एक बाई कडेवर बाळ घेऊन निघाली. शकूरभाई जिन्याच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते, पुढचा माणूस खाली पोचल्याशिवाय मागच्याला पाय टाकू देत नव्हते. एक गृहस्थ चिडले. "एवढा वेळ उभे राहिलो तेव्हा जागा मिळाली, आणि आता उठवताय? ही काय पद्धत झाली?"

"चूक माझी आहे. खाली चला. मी स्वतः वाढतो."

"आम्ही इथेच बसणार."

शकूरभाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले.  गृहस्थांनी ते पाहिलं, मुलाला उचललं आणि ते रांगेत उभे राहिले.

माडी रिकामी होत गेली. माणसं कमी झाली तसे खालून आवाज ऐकू यायला लागले. आधी बारीक टकटक, मग ओली फांदी मोडावी तसा एक लांबलेला आवाज. खिडकीजवळचं पाण्याचं भांडं आपोआप टेबलाच्या कडेकडे सरकलं.

आता फक्त सुनीलराव आणि रोहिणी राहिली होती. सुनीलराव गर्दी ओसरायची वाट बघत बसून होते.

"काय झालंय, शकूरभाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाय. उठा. भिंतीकडेकडेने या. वहिनी, तुम्ही पुढं चला."

"मी यांना सोडून नाही जायची," रोहिणी म्हणाली.

"दोघांचं वजन एका फळीवर नको, वहिनी."

रोहिणीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग ती भिंतीला हात लावत जिन्यापर्यंत आली आणि मागे बघत बघत उतरली. सुनीलराव काठी टेकत निघाले. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढायचं. शकूरभाई दोन पावलं पुढे गेले, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच जिन्यावर आणलं. दोघं अर्ध्यावर उतरले तेव्हा मागे कडकड झाली. खिडकीचा कोपरा टेबलखुर्च्यांसह खचला आणि स्वयंपाकघरात, सोमीच्या चुलीवर जाऊन पडला. जिना हादरला. नवनाथने खालून दोघांना ओढून घेतलं.

रस्त्यावर ताटं हातात घेऊन उभी असलेली माणसं मागे सरकली. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. त्यातून आधी नवनाथ दिसला, मग सुनीलराव, आणि शेवटी शकूरभाई. कोणाला खरचटलंही नव्हतं. आसियाने वडिलांना मिठी मारली आणि मग इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला फुटलं.

लोक जवळ आले. ज्यांना खालीच उठवलं होतं तेही आले. "तुम्ही वाचवलंत," पनवेलचा एक मुलगा म्हणाला. शकूरभाईंनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

रोहिणीने नवऱ्याच्या अंगावरची धूळ झटकली. मग ती शकूरभाईंपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने हळू विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. आजूबाजूला माणसं होती, आणि सगळी त्यांच्याच बाजूची होती.

"होय," शकूरभाई म्हणाले. "म्हणूनच बंद करत होतो."

 रोहिणीने सुनीलरावांचा हात धरला, एक रिक्षा थांबवली आणि दोघं निघून गेली. फोटो कोणीच काढला नाही. लोकांनी उरलेली ताटं पायरीवर आणून ठेवली, आणि एकेक जण शकूरभाईंच्या खांद्यावर हात ठेवून गेला. सोमी अंगणात उकिडवी बसून होती. "माझा तवा गेला," एवढंच ती म्हणाली, आणि आसिया तिच्याजवळ जाऊन बसली.

पुढे इमारत उतरवली गेली. शकूरभाई त्या बाजूला फिरकले नाहीत. घरी ते दिवसभर बसून असायचे. एकदा आसियाने विचारलं तर म्हणाले, "दोरी सोडताना हाताला काही वाटलं नाय. तेच आठवतं."

"मग जाऊन या सुनीलरावांकडे," आसिया म्हणाली.

एका सकाळी ते कळंबला गेले. सुनीलराव ओटीवर पाय लांब करून बसले होते. त्यांना पाहून हसले, बसायला खुर्ची दिली.

"माफी मागायला आलोय," शकूरभाई म्हणाले.

"कसली माफी? हट्ट मी केला. मी मागितलं म्हणून तुम्ही सोडलंत."

रोहिणी दारात येऊन उभी होती. "मागितलं तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "पण माहीत यांना होतं."

 समोरच्या शेतात कोणीतरी बैल हाकत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"खरंय, वहिनी," शकूरभाई म्हणाले. "तुमचं म्हणणं खरंय." ते उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठं निघालात?" रोहिणीने विचारलं.

"जातो."

"जेवलात?"

"नाय."

"मग बसा. राग आहे तो आहे. पण दारात आलेल्या माणसाला उपाशी नाही पाठवायची मी."

ती आत गेली. थोड्या वेळाने तिने दोन ताटं आणली, वांग्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. एक नवऱ्यापुढे ठेवलं, एक शकूरभाईंपुढे. पाण्याचा तांब्या पुढे सरकवून ती उंबऱ्यावर बसली.

शकूरभाईंनी हात धुतले आणि भाकरीचा तुकडा मोडला. कालवणात बुडवून त्यांनी तो खाल्ला. सुनीलराव आपल्या ताटात बघत जेवत राहिले.

"मीठ बरोबर आहे का?" रोहिणीने विचारलं.

"बरोबर आहे," शकूरभाई म्हणाले.