चिठ्ठीशिवाय काढलेला एक्स-रे

एक्स-रे काढताना माणूस जितकं ऐकतो तितकं तो आयुष्यात कुणाचंच ऐकत नसेल. घरी बायकोला उलटून बोलणारा, कचेरीत साहेबाला न जुमानणारा, गल्लीत दहा जणांना शिव्या घालणारा, कुणीही असो. एकदा त्याला त्या उभ्या प्लेटसमोर नेलं आणि म्हटलं, 'हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, श्वास आत घ्या, धरून ठेवा, हलू नका,' की तो शाळेतल्या पोरासारखा गप्प उभा राहतो. एकोणीस वर्षं हे पाहून ताईला त्याचं नवलही वाटेनासं झालं होतं. सगळं हॉस्पिटल तिला एक्स-रे ताई म्हणे. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

तिच्या खोलीला दोन दारं होती. मोठं दार बोळात उघडे, जाडजूड आणि आतून शिशाचा पत्रा ठोकलेलं. ते लावलं की आत कुणी गळा काढून रडलं तरी बाहेर कळायचं नाही. दारावर तांबडा दिवा. तो लागला असताना दार ढकलायचं नाही हे सफाईवाल्यांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. दुसरं दार कोपऱ्यातल्या काचेच्या आडोशामागे होतं. तिथे उभी राहून ताई बटण दाबायची आणि तिथूनच मागच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जायची; त्या खोलीतून बाहेरही पडता यायचं. बाहेरच्या माणसाला वाटे, त्या काचेमागे कपाट असेल.

ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही तसंच वाटत होतं.

या ड्रायव्हरला सगळे गोडबोल्या म्हणत, आणि तेही कौतुकाने. तोंडात सदा साखर. मेट्रनच्या आजारी आईला तो आपल्या सुटीच्या दिवशी उचलून आणायचा, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना आजोबा-आजी म्हणून हाक मारायचा. ताईला मात्र तो तीन महिन्यांपासून नकोसा झाला होता. रोगी सोडून झाला तरी दारात रेंगाळायचा. स्ट्रेचर धरताना त्याचा हात नेमका तिच्या हातावर पडायचा. एकदा तर तो तिच्या बसस्टॉपवर येऊन उभा राहिला आणि नुसता हसत राहिला. तिने मेट्रनला सांगितलं, तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "अगं, तो सगळ्यांशीच तसा वागतो. तू उगीच राईचा पर्वत करतेस." घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुर्लक्ष कर." दुर्लक्ष करणं हा जगातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. देणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

त्या दिवशी दुपारची जेवणाची सुटी होती. बोळ रिकामा. ताई मशीन पुसत होती, एवढ्यात दार लागल्याचा आवाज झाला. वळून पाहते तर गोडबोल्या. त्याने कुलपातली बिल्ल्याची किल्ली फिरवली, काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग भिंतीवरचं तांबड्या दिव्याचं बटण दाबलं. हे सगळं इतक्या सावकाश, जणू स्वतःच्या घरात दिवे लावतोय.

"आता ओरड," तो म्हणाला. "बघू कोण येतं."

ताईची पाचावर धारण बसली. ओरडून उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो जवळ आला, त्याने तिचं मनगट धरलं. त्याच्या हाताला डिझेलचा वास येत होता. आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याने तीच चकित झाली.

"छातीचा काढायचाय का कमरेचा?"

"काय?"

"एक्स-रे. छातीचा असेल तर शर्ट काढा. गळ्यात काही असेल तर तेही काढा."

हे ती घाबरून बरळली की ठरवून बोलली, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. आवाज मात्र रोजचा होता. सकाळपासून चाळीस जणांना हेच सांगून झालं होतं. आवाजाला भीतीची बातमी पोचलीच नव्हती.

गोडबोल्या आधी गोंधळला, मग हसला. "आत्ता कशी!" म्हणत त्याने मनगट सोडलं आणि शर्टाची वरची दोन बटणं काढली. त्याची उघडी छाती ताईला पाहायची नव्हती. "राहू दे, तसंच चालेल," ती घाईने म्हणाली. "पुढे व्हा. प्लेटला छाती लावा. हनुवटी इथे, वर. हात कमरेवर."

आणि तो वळला. हसत हसत का होईना, वळला. तिच्याकडे पाठ करून त्याने प्लेटला मिठी मारली.

"खांदे पुढे. अजून. श्वास आत घ्या."

त्याचं हसणं थांबलं. त्याची पाठ फुगली.

"धरून ठेवा. हलू नका."

ती काचेमागे गेली. सरळ निघून जायचं, पण एकोणीस वर्षांची सवय. 'हलू नका' म्हटल्यावर अंगठा बटणावर जाणारच. मशीन घरघरलं, टक्कन वाजलं. तेव्हा कुठे ती भानावर आली. मागच्या दाराबाहेर पडली, बाहेरून कडी घातली आणि पळत सुटली. 'श्वास सोडा' हे सांगायचं राहून गेलं.

पहारेकऱ्याला घेऊन ती परत आली तेव्हा मोठं दार सताड उघडं होतं. किल्ली कुलपात, दिवा बंद. गोडबोल्या बाहेरच्या बाकावर छातीला हात लावून कण्हत बसला होता आणि मेट्रन त्याला पाणी पाजत होत्या.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. त्याचं म्हणणं, छातीत दुखायला लागलं म्हणून तो एक्स-रेच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. बाईंनी शर्ट काढायला सांगितला, एक्स-रे काढला आणि अचानक काय झटका आला कोण जाणे, पळत सुटल्या. चार वाजेपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला यातलं एकच वाक्य पाठ झालं होतं. शर्ट काढायला तिनेच सांगितला म्हणे! दुसऱ्या दिवशी दोन नर्स बोलता बोलता तिला पाहून गप्प झाल्या. पहारेकरी, जो रोज हात उंचावून नमस्कार करायचा, तो खिशात काहीतरी शोधू लागला.

मोठ्या डॉक्टरांनी चौकशीसाठी समिती नेमली. स्वतः ते, मेट्रन आणि हेडक्लार्क. आठ दिवसांनी बसायचं ठरलं. हेडक्लार्कने आधीच ताईच्या हातात कागद ठेवला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक्स-रे काढल्याबद्दल खुलासा करावा. एका माणसाने दार लावून आपला हात धरला याबद्दल कागद नव्हता. चिठ्ठी नव्हती याबद्दल होता. तिला संतापाने रडू आलं.

नवरा त्या दिवसांत फार चांगला वागला, असं ती सगळ्यांना सांगायची. रोज स्कूटरवरून सोडायला यायचा, घ्यायला यायचा. पोळ्या लाटून द्यायचा. फारसं बोलायचा नाही. पण तिलाही बोलायचं नव्हतंच.

तो एक्स-रे तिने पाच दिवस उघडून पाहिला नाही. त्या माणसाचं बाहेरचंच नकोसं झालेलं, आतलं कोण पाहणार? सहाव्या दिवशी खुलासा लिहायचा म्हणून तिने तो कॉम्प्युटरवर उघडला, आणि पहिला विचार आला तो असा की अरेरे, एक्स-रे वाया गेला. खिशात वस्तू राहिली. शिकाऊ पोरींना ती ज्या चुकीवरून फैलावर घ्यायची तीच ढळढळीत चूक. हृदयाच्या सावलीवर पांढरीशुभ्र किल्ली. खिसा प्लेटला टेकलेला, त्यामुळे किल्लीचे दात न् दात उमटले होते. शेजारी गोल बिल्ला, आणि बिल्ल्याला आरपार भोकं पाडून केलेला सातचा आकडा. एक्स-रेच्या खोलीचा नंबर सात.

ताईने खुलाशाचा कागद बाजूला सारला.

समितीपुढे तिने खुलासा दिलाच नाही. "चिठ्ठी नव्हती, ही माझी चूक आहे," ती म्हणाली. "पण एक्स-रे काढलाच आहे, तर बघून तरी घ्या."

मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मेट्रनने मान पुढे केली आणि त्यांचा चेहरा पडला. हातच्या काकणाला आरसा कशाला? छातीत दुखणारा माणूस खोलीला आतून कुलूप लावून किल्ली खिशात कशाला ठेवेल, हे हेडक्लार्कलासुद्धा विचारावंसं वाटेना. गोडबोल्याला आत बोलावलं, किल्लीचं विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या तोंडची साखर आटली. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं आणि प्रकरण पोलिसांकडे दिलं.

बाहेर आल्यावर मेट्रनने ताईचा हात धरला. "मला माफ कर गं." ताईने हात सोडवून घेतला. तो धरलेला हात तिला सहन होईना. कुणाचाच होत नव्हता.

संध्याकाळी घरी चहा झाला. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. किल्ली, बिल्ला, डॉक्टरांनी पुसलेला चष्मा. तो मोकळेपणाने हसला. "सुटलो बाबा एकदाचे," म्हणाला. तिलाही आठ दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. मग कप बशीत नीट ठेवत, तिच्याकडे न पाहता तो म्हणाला,

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना."

"त्याला शर्ट काढा म्हणालीस, ते... कुठल्या सुरात म्हणालीस?"

ताईला आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा तिने आठ दिवसांतली एकेक गोष्ट आठवून पाहिली. स्कूटरवरचं गप्प बसणं, पोळ्या लाटतानाचं गप्प बसणं. ते तिच्या काळजीपोटी आहे असं समजून ती बिचारी त्याचं कौतुक करत फिरली होती.

"हा प्रश्न पोटात ठेवून आठ दिवस माझ्या शेजारी जेवत होतात?"

"तसं नाही गं. लोक विचारतात मला. मी त्यांना काय सांगायचं?"

"आत्ता लोकांनी नाही विचारलं. तुम्ही विचारलंत."

तिला वाटलं, आता तरी तो म्हणेल, चुकलो, जाऊ दे. तिने वाट पाहिली. तो तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

"तिथे किल्ली निघाली म्हणून त्यांनी विश्वास ठेवला," ती म्हणाली. "तुम्हाला काय काढून दाखवू?"

"अगं, साधं विचारलं मी. साधं सांग ना."

ताई उठली. त्या दुपारी तिला भीती वाटली होती, पण कुठून पळायचं हे ठाऊक होतं. आज स्वतःच्या स्वयंपाकघरात, दोन्ही दारं उघडी असताना, तिला कुठे जावं हे कळेना. ती परत खाली बसली आणि त्याला पहिल्यापासून सांगू लागली.